इनुइट-युपिक भाषांची मूळ भाषा कशी शोधली? (आणि ती ग्रीनलँडमध्ये का सापडत नाही)

दक्षिणोत्तर

मागे द्राविड भाषांच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की जुना लिहिलेला एक चिटोराही हाताशी नसेल, तर एखाद्या कुळाची मूळ भाषा बांधता येते का. इंडो-युरोपियनवाल्यांचं बरं आहे, त्यांच्याकडे ऋग्वेद आहे, हित्तींच्या मातीच्या पाट्या आहेत. इनुइट आणि युपिक भाषांच्या अभ्यासकांकडे तसलं काहीच नाही. हान्स एगेडे हा पाद्री १७२१ साली ग्रीनलँडला उतरला, तिथल्या भाषेचं लिखाण त्यानंतर सुरू झालं. अलास्का आणि सायबेरियाच्या बाजूचं तर त्याहूनही उशिरा.

तरीही या भाषांच्या सामाईक पूर्वजाचा जाडजूड तौलनिक कोश आज तयार आहे. मायकेल फोर्टेस्क्यू, स्टीव्हन जेकबसन आणि लॉरेन्स कॅप्लन या तिघांनी तो केला. फेअरबँक्सच्या अलास्का नेटिव्ह लँग्वेज सेंटरने १९९४ साली छापला आणि २०१० साली त्याची सुधारित आवृत्ती आली. वर मूळ भाषेतलं बांधलेलं रूप, खाली ग्रीनलँडपासून सायबेरियापर्यंतच्या बोलींतली रूपं, जमेल तिथे अल्यूट या लांबच्या नात्यातल्या भाषेतला त्याच मुळाचा भाऊबंद शब्द, अशी त्यातल्या नोंदींची मांडणी.

आधी नकाशा. या कुळाच्या दोन मोठ्या फांद्या. एक अल्यूट (तिथले लोक उनांगन म्हणवतात), ती अल्यूशन बेटांवर. दुसरी इनुइट-युपिक, आणि धाग्याचा विषय हीच. तिच्यात परत दोन बाजू. इनुइट बाजू अलास्काच्या नॉर्टन साउंडपासून उत्तर कॅनडावरून थेट पूर्व ग्रीनलँडपर्यंत पसरलीय. ही एकामागून एक लागलेल्या बोलींची साखळी आहे, शेजारच्याला शेजारच्याचं कळतं. युपिक बाजू नैर्ऋत्य अलास्का, सेंट लॉरेन्स बेट आणि सायबेरियाच्या चुकोत्का किनाऱ्यावर, आणि तिथल्या भाषा एकमेकींपासून चांगल्याच तुटलेल्या. चुकोत्कातल्या सिरेनिकी गावात आणखी एक भाषा होती, सिरेनिक. तिला काहीजण युपिकमध्ये धरतात, काहीजण तिसरी वेगळी शाखा मानतात. तिची शेवटची भाषक १९९७ साली वारली.

आता मुद्द्याचं. या मूळ भाषेत चारच स्वर होते: आ, इ, उ, आणि चौथा मधला, आखूड, तोंड फारसं न उघडता येणारा. रोमन लिपीत त्यासाठी उलटा ई काढावा लागतो. आपल्याला काही काढावं लागत नाही, कारण तो आपला साधा 'अ' आहे. देवनागरी इथे इतकी चपखल बसते की मजा वाटते.

लिहायची पद्धत ठरवून घेऊ. क़ म्हणजे पडजिभेपाशी काढलेला क. ऱ म्हणजे तिथलाच घोगरा र. ङ नेहमीचा. शेवटी पाय मोडलेला नसेल तर तो 'अ' खायचा नाही, पूर्ण म्हणायचा. तारांकित रूप म्हणजे बांधलेलं, कुणी ऐकलेलं नव्हे.

गोडं पाणी: मूळ *अमऱ्, मध्य अलास्कन युपिकमध्ये मक़्, इनुइटमध्ये इमिक़्.
खाणे: मूळ *नऱ-, युपिक नऱ-, इनुइट निऱि-.
जागा, घर: मूळ *अन, युपिक अन-, इनुइट इनि.

सूत्र दिसलंच असेल. युपिकने चौथा स्वर 'अ' राखला (मक़् मध्ये सुरुवातीचा अ गळला, तो भाग वेगळा), इनुइटने त्याचा इ करून टाकला. उलटं का नाही? म्हणजे मुळात इ होता आणि युपिकने त्याचा अ केला, असं का नाही म्हणायचं? कारण युपिकमध्ये इ सुद्धा आहे, आणि तो इनुइटच्या इ-शीच जुळतो. युपिकमध्ये अ आणि इ असे दोन, इनुइटमध्ये दोहोंच्या जागी एकच इ. एकाचे दोन कुठे व्हावेत याचा काही नियम सांगता येत नाही, दोहोंचा एक मात्र सहज होतो.

इथपर्यंत सगळं पाठ्यपुस्तकी. पण उत्तर अलास्कातल्या इन्युपियाक बोलींत एक भन्नाट पुरावा पडलाय. तिथेही अ गेला, इ झाला. कानाला दोन्ही इ सारखेच. आता 'आणि' या अर्थाचा -लु हा प्रत्यय लावा:

इग्लु (घर) → इग्लुलु
इनि (जागा) → इनिलु
इकि (जखम) → इकिल्यु

'सारखं' या अर्थाचा प्रत्यय -तुन् लावा: इग्लुतुन्, इनितुन्, पण इकिसुन्. 'इनि' आणि 'इकि' दोन्ही इकारान्त, मग एकाच्या पुढे ल चा ल्य आणि त चा स का व्हावा? कारण इकि मधला शेवटचा इ अस्सल जुना आहे आणि तो पुढच्या व्यंजनाला तालव्य करतो. इनि मधला इ हा मूळचा अ. बदलला खरा, पण तालव्य करण्याचं काम काही शिकला नाही. तिकडचे अभ्यासक यांना बळकट इ आणि दुबळा इ म्हणतात. बोलणाऱ्या माणसाला यातलं काहीही माहीत नसतं, तरी तो चुकत नाही. युपिक भाषा सगळ्या नाहीशा झाल्या असत्या, तरी एवढ्यावरून इथे कधीकाळी दोन वेगळे स्वर होते हे काढता आलं असतं.

आता शीर्षकातला कंस. या कुळातली आज सगळ्यात भक्कम भाषा ग्रीनलँडची कलालिसुत. २००९पासून तिथली एकमेव अधिकृत भाषा, शाळा-रेडिओ-वर्तमानपत्रं सगळं तिच्यात. व्याकरणांची परंपराही दांडगी, सॅम्युएल क्लाइनश्मिटचं व्याकरण १८५१चं. साहजिकच जुन्या लोकांनी या भाषांकडे ग्रीनलँडच्या खिडकीतून बघितलं. पण मूळ शोधायला ती खिडकी सोयीची नाही. तिथे चौथा स्वर नाही, द्विवचन नाही, जोडाक्षरं बहुतेक सपाट झालेली. जुनं सामान पडलंय ते सगळं बेरिंगच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर, काहीशे माणसांच्या बोलींत.

शंका विचारा. पुरातत्त्वाचं मुद्दाम बाजूला ठेवलंय, प्रतिसादात येईलच.

---

टवाळ बोका

पहिला नंबर माझा! वाचनखूण साठवली आहे, रात्री निवांत वाचतो.

तोवर दोन प्रश्न. (१) या लोकांत बर्फाला शंभर शब्द असतात ते खरं का? (२) एस्किमो म्हटलं तर चालतं का? आम्ही शाळेत इग्लूसमोर बसलेला एस्किमोच शिकलो.

---

गोदाकाठ

आलाच का शंभर शब्दवाला. वाटच बघत होतो.

---

दक्षिणोत्तर

@बोका, बर्फाचं आधी उरकतो. फ्रांझ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने १९११ साली चार धातू दिले होते: जमिनीवरचा बर्फ, पडणारा बर्फ, वाऱ्याने उडणारा, आणि साचलेला ढिगारा. चाराचे चाळीस आणि चाळीसाचे चारशे पुढच्या लोकांनी केले. या भाषांत एका धातूला प्रत्ययांमागून प्रत्यय लागून एका वाक्याचा एकच शब्द होतो, त्यामुळे 'किती शब्द' हा प्रश्नच तिथे लागू पडत नाही. तसे मोजायला गेलात तर मासळीलाही हजारो शब्द निघतील. मूळ भाषेपर्यंत नेता येतात असे बर्फाचे धातू मात्र थोडेच. पडणाऱ्या बर्फाचा इनुइटमध्ये क़ानिक्, युपिकमध्ये क़ानुक्, ही जोडी त्यातलीच.

एस्किमोचं जरा नाजूक आहे. कॅनडा आणि ग्रीनलँडमध्ये तो शब्द लोकांना अपमानकारक वाटतो. इनुइट सर्कम्पोलर कौन्सिल १९७७ साली स्थापन झाली, तिने इनुइट हा शब्द सगळ्यांसाठी घेतला. गोची अशी की युपिक लोक स्वतःला इनुइट म्हणत नाहीत, त्यांच्या भाषेत तो शब्द त्या रूपात नाहीच. माणसाला इनुइटमध्ये इनुक्, युपिकमध्ये युक्, दक्षिण अलास्कातल्या सुग्पियाकमध्ये सुक्. शब्द एकच, सुरुवातीच्या इन च्या जागी युपिक बाजूला य आला आणि सुग्पियाकमध्ये त्या य चा स झाला. अमेरिकेने २०१६ साली आपल्या केंद्रीय कायद्यांतून एस्किमो काढला. जुन्या भाषाशास्त्रीय लिखाणात ही मूळ भाषा 'आद्य एस्किमो' नावानेच सापडेल, शोधताना तेच टाकावं लागतं. लिहिताना मी इनुइट-युपिक लिहितो.

---

अवंती

सुंदर धागा! बळकट इ आणि दुबळा इ वाचून थांबलेच. आपल्याकडे तर हे रोज तोंडात असतं की. 'त्याचा' म्हणताना च दाती (च़ा), 'त्याची' म्हणताना च तालव्य. माझा-माझी, तुझा-तुझी तसंच. ई आला की व्यंजन तालव्य होतं. लिपीत फरक दाखवत नाही म्हणून लक्षात येत नाही एवढंच. मुंबईत वाढलेली अमराठी मुलं 'माझा' मधला झ तालव्य म्हणतात आणि लगेच ओळखू येतं.

ते जोडाक्षरं सपाट झाल्याचं जरा उदाहरणासकट सांगाल का?

---

दक्षिणोत्तर

@अवंती, चा-ची चपखल. फरक एवढाच की आपल्याकडे मागचा स्वर पुढून येऊन व्यंजनाला बदलतो... नीट सांगतो: मराठीत ई व्यंजनानंतर येतो, तिथे इ आधी येतो आणि पुढच्या व्यंजनाला ओढतो. कारण एकच.

जोडाक्षरांसाठी कुत्रा घ्या. पश्चिमेकडून पूर्वेकडे चाला:

सेंट लॉरेन्स बेट (सायबेरियन युपिक): क़िक्मिक़्
वायव्य अलास्का, कोबुकची बाजू: क़िप्मिक़्
उत्तर अलास्का आणि कॅनडा: क़िम्मिक़्
ग्रीनलँड: क़िम्मेक़्

आधी क्म, मग म च्या शेजाराने क चा प, मग पूर्ण म्म. घरासाठी अलास्कात इग्लु, ग्रीनलँडात इल्लु. पूर्वेकडे जावं तसं पहिलं व्यंजन दुसऱ्यात विरघळत जातं. मूळ रूप *क़िक्मिऱ् धरतात, कारण क्म पासून म्म होण्याची वाट दिसते, म्म पासून क्म होण्याची दिसत नाही.

---

अवंती

हे तर अगदी प्राकृत! सप्त-सत्त, भक्त-भत्त, दुग्ध-दुद्ध. आपण पुढे एक पायरी जास्त गेलो, सत्त चं सात केलं.

---

दक्षिणोत्तर

हो, आणि तिकडेही पुढची पायरी आहे, पण एका कोपऱ्यातच. क्वेबेकच्या उत्तरेला नुनाविकमध्ये आणि लाब्राडोरमध्ये लागोपाठ दोन जोडाक्षरं चालत नाहीत. पहिलं राहतं, दुसऱ्यातलं एक व्यंजन पडतं. लुसियाँ श्नायडर या धर्मगुरूच्या नावावरून त्याला श्नायडरचा नियम म्हणतात. शब्द लांबत गेला की एक सोडून एक जोडाक्षर गळतं. कॅनडाच्या इतर भागांतल्या इनुइटांना ती बोली ऐकून ठेका चुकल्यासारखं वाटत असणार, असा आपला माझा अंदाज.

---

जुनेजाणते

लेख चांगला. पण काळाचं काय? मूळ भाषा किती जुनी हे ध्वनिनियमांवरून कळत नाही. आणि इतक्या प्रचंड भूभागावर इनुइट बोली एवढ्या सारख्या कशा राहिल्या, हे सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

---

दक्षिणोत्तर

@जुनेजाणते, सारख्या राहिल्या कारण पसरून फार काळ झालेला नाही. पुरातत्त्वात याला थूले संस्कृती म्हणतात. अलास्काच्या किनाऱ्यावर मोठ्या देवमाशांची शिकार करणारे लोक, मोठ्या चामडी होड्या, कुत्र्यांच्या गाड्या. साधारण अकराव्या ते तेराव्या शतकात ते पूर्वेकडे निघाले आणि बघता बघता ग्रीनलँडला पोचले. म्हणजे आपल्याकडे यादव राज्य करत होते, ज्ञानेश्वरी लिहून होत होती, त्या सुमाराला. त्यांच्याआधी त्या मुलखात डॉर्सेट संस्कृतीचे लोक होते, इनुइट कथांमधले तुनित ते हेच समजले जातात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की ते आधीचे लोक वेगळ्याच वंशाचे होते. त्यांची भाषा कोणती, कुणी ऐकलेली नाही.

या एकसारखेपणाचा सगळ्यात मोठा साक्षीदार क्नूड रासमुसेन. ग्रीनलँडमध्ये जन्मलेला, लहानपणापासून ग्रीनलँडिक बोलणारा. १९२१ ते १९२४ या पाचव्या थूले मोहिमेत तो कुत्र्यांच्या गाडीने कॅनडा ओलांडून अलास्कात पोचला आणि वाटेतल्या लोकांशी आपल्याच भाषेत बोलत गेला. पुढे सामुद्रधुनी ओलांडून सायबेरियात पाय ठेवला, तर परवाना नाही म्हणून सोविएत अधिकाऱ्यांनी परत पाठवलं. भाषेच्या दृष्टीने हे वाईटच झालं, कारण खरा फरक तिथेच सुरू होतो.

काळाचे अंदाज असे: इनुइट आणि युपिक साधारण दोन हजार वर्षांपूर्वी किंवा थोडं इकडेतिकडे फुटले, अल्यूट त्याच्याही बरंच आधी, चार हजारांच्या आसपास. पण हे आकडे मुख्यतः पुरातत्त्वाशी मेळ घालून येतात. शब्दांवरून वर्षं मोजण्याचा उद्योग मॉरिस स्वादेश या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने केला होता. गंमत म्हणजे स्वादेशने स्वतः १९५१-५२ मध्ये नॉर्टन साउंडच्या युपिक बोलीवर आणि या मूळ भाषेवर काम केलंय. शब्द ठरावीक वेगाने बदलतात असं त्याचं गृहीतक. त्याला १९६२ साली सुरुंग लावला तो क्नूट बर्ग्सलांड आणि हान्स फोग्ट या नॉर्वेजियनांनी: आइसलँडिक हजार वर्षांत जेमतेम हलली, नॉर्वेजियन धो धो बदलली. आणि हा बर्ग्सलांड म्हणजे अल्यूटचा सगळ्यात मोठा जाणकार, त्याने अल्यूटचा कोश केला.

वेग एकसारखा नसतो याचं घरचं उदाहरण पूर्व ग्रीनलँड. तिथे मेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही, अशी पद्धत होती. नावं साध्या शब्दांचीच असायची. म्हणजे 'सुरी' नावाचा माणूस गेला की सुरीला दुसरा शब्द शोधा. त्यामुळे तिथल्या बोलीत रोजच्या वापराचे कितीतरी शब्द बदलले आणि पश्चिम ग्रीनलँडच्या माणसाला ती कानावर पडल्यावर अडखळायला होतं. स्वादेशच्या हिशेबाने ती बोली शेकडो वर्षं जास्त जुनी निघेल!

---

सोनचाफा

हे वाचून आजी आठवली. आजोबांचं नाव नारायण. आजी 'नारळ' म्हणायची नाही, 'श्रीफळ' म्हणायची, आणि नारायणपेठी साडी म्हणजे 'ती पेठेची'. उखाण्यातच काय ते नाव यायचं. आम्ही नातवंडं मुद्दाम तिला बाजाराची यादी वाचायला द्यायचो.

---

टवाळ बोका

सोनचाफाताई, तुमच्या आजींच्या घरात भाषा किती वेगाने बदलली असेल! स्वादेशला घरी बोलवायला हवं होतं.

---

गोदाकाठ

मला एक भलतीच शंका. यांचं व्याकरण कसं? नाम चालवतात का आपल्यासारखं?

---

दक्षिणोत्तर

@गोदाकाठ, चालवतात. पुरुष (माणूस) घ्या. युपिकमध्ये एकवचन आङुन्, द्विवचन आङुतक्, अनेकवचन आङुतत्. ग्रीनलँडमध्ये आङुत्, अनेकवचन आङुतित्, द्विवचन गायब. आणि एक विभक्ती आहे: युपिक आङुतम्, ग्रीनलँड आङुतिप्. बघा, वरचं सूत्र इथेही बसलं. युपिकचा अ तिथे इ, आणि शब्दाच्या शेवटचा म् इनुइट बाजूला प् झाला. मूळ प्रत्यय म्हणून द्विवचनी -क्, अनेकवचनी -त् आणि या विभक्तीचा -म् धरतात. सिरेनिकमध्येही द्विवचन नव्हतं, म्हणजे ग्रीनलँड आणि सिरेनिक, दोन टोकांना असलेल्यांनी ते आपापलं टाकलं. आपणही संस्कृतचं टाकलंच.

---

गोदाकाठ

आङुतम्!! हे तर संस्कृत दिसतंय चक्क. द्वितीया विभक्ती. द्विवचनसुद्धा. टिळकांनी आर्यांचं मूळ उत्तर ध्रुवावर सांगितलं होतं ते उगीच नाही 😀

---

जुनेजाणते

गोदाकाठ, स्मायली टाकलीत म्हणून सोडतो. उद्या हेच कुठल्यातरी व्हॉट्सॅप समूहावर स्मायलीशिवाय फिरेल.

---

दक्षिणोत्तर

😀 असूनही उत्तर देतो, कारण यात पद्धतीचा मुद्दा आहे. ती द्वितीया नाहीच, कर्त्याची आणि षष्ठीची विभक्ती आहे. म् हा तर जगातला सर्वांत स्वस्त ध्वनी. एक-दोन प्रत्यय दिसायला सारखे असून काही सिद्ध होत नाही. मक़् - इमिक़्, नऱ - निऱि, आङुतम् - आङुतिप् अशी एकाच नियमाने बांधलेली रांग लागते तेव्हा नातं सिद्ध होतं.

हीच कसोटी थोरामोठ्यांनाही लागते. अनेकवचनी -त् आणि द्विवचनी -क् सारखे प्रत्यय फिनिश, सामोयेद वगैरे उरल कुळातही आहेत. फोर्टेस्क्यूने १९९८ साली उरल भाषा, सायबेरियातल्या युकागीर आणि चुकोत्को-कामचात्कन भाषा, आणि इनुइट-युपिक-अल्यूट यांचं एक मोठं 'उरल-सायबेरियन' कुळ मांडलं. माणूस याच कोशाचा कर्ता, म्हणजे कामाचा दर्जा वादातीत, आणि तरीही बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी ते सिद्ध मानलेलं नाही. मला ते आकर्षक वाटतं, पण शब्दांच्या रांगा तेवढ्या लांब नाहीत.

---

शब्दवेल्हाळ

उशिरा आलो. ती कर्त्याची-आणि-षष्ठीची विभक्ती म्हणजे आपला 'ने' का? रामाने आंबा खाल्ला?

---

दक्षिणोत्तर

@शब्दवेल्हाळ, बरोबर नस पकडलीत. ग्रीनलँडिकमध्ये:

आङुतिप् इल्लुआ: माणसाचं घर
आङुतिप् नानोक़् ताकुआ: माणूस अस्वल बघतो

पहिल्यात 'चं', दुसऱ्यात कर्ता, प्रत्यय एकच. घराला लागलेला 'त्याचं' दाखवणारा -आ आणि क्रियापदाचा शेवट हेही एकमेकांचे भाईबंद. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की मूळ भाषेत सकर्मक क्रियापदं ही आधी धातुसाधित नामं होती: 'अस्वल हे माणसाचं बघितलेलं'. आपल्याकडेही कर्त्याचा 'ने' आला तो संस्कृतच्या कर्मणी भूतकालवाचक धातुसाधितांमुळे, 'तेन दृष्टम्' पासून 'त्याने पाहिलं'. दोन कुळांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण वाट तीच. फरक असा की आपला 'ने' भूतकाळापुरता, त्यांचा सगळ्या काळांत.

---

जुनेजाणते

या भाषांचं आणि अल्यूटचं नातं पहिल्यांदा कुणी ओळखलं, ते धाग्यात यायला हवं. रास्मुस रास्क, डॅनिश भाषाशास्त्रज्ञ. ग्रीनलँडिकशी त्याची ओळख होतीच, कारण डॅनिश पाद्र्यांची व्याकरणं कोपनहेगनात होती. सेंट पीटर्सबर्गला १८१८-१९ मध्ये मुक्काम असताना त्याला अल्यूट बोलणारे लोक भेटले, आणि दोन्ही भाषा एका कुळातल्या आहेत हे त्याने ताडलं.

मराठी वाचकांसाठी पुढचा भाग: तिथून निघाला तो कॉकेशस, इराण करत १८२० साली मुंबईत उतरला. पारशांकडून अवेस्ता आणि पहलवीची हस्तलिखितं मिळवली, पुढे हिंदुस्थान ओलांडून सिलोनला गेला आणि १८२३मध्ये कोपनहेगनला परतला. ती हस्तलिखितं आजही कोपनहेगनात आहेत.

---

अवंती

म्हणजे अल्यूट ऐकून दीड वर्षात माणूस मुंबईत! हे माहीत नव्हतं. त्या वेळी एल्फिन्स्टन गव्हर्नर होता ना?

---

जुनेजाणते

होय, १८१९ ते १८२७.

---

शब्दवेल्हाळ

लेखात म्हटलंय की जुनं सामान बेरिंगच्या काठावर पडलंय. कुठे नेमकं? एखादं उदाहरण द्या, नुसतं 'काठावर' नको.

---

दक्षिणोत्तर

देतो. सामुद्रधुनीच्या ऐन मध्यावर दोन बेटं आहेत, मोठं डायोमीड रशियाचं, धाकटं डायोमीड अमेरिकेचं. मध्ये जेमतेम चार किलोमीटर पाणी आणि त्यातूनच आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. धाकट्या डायोमीडची बोली इनुइट बाजूची, इन्युपियाक. सूत्रानुसार तिथे चौथा स्वर 'अ' जायला हवा होता. पण तिथे तो काही शब्दांत ऐकू येतो, साक्षात. म्हणजे उत्तर अलास्कात जो फक्त व्यंजनांवरच्या खुणांवरून ओळखावा लागतो, तो या बेटावर तोंडाने बोलला जातो. इनुइट शाखेनेही फुटताना चारही स्वर सोबत घेतले होते, एकत्रीकरण नंतरचं, याचा यापेक्षा थेट पुरावा मिळणार नाही.

समोरच्या रशियन बाजूला नाउकान हे गाव होतं, आशियाच्या अगदी टोकाशी, केप देझ्न्योवजवळ. नाउकानची भाषा युपिक, पण सायबेरियन युपिकपेक्षा वेगळी आणि काही बाबतींत अलास्काच्या युपिकला जवळची. या दोन खंडांच्या मधला सांधा तोच. शीतयुद्धाने सगळं विस्कटलं. १९४८मध्ये मोठ्या डायोमीडवरच्या लोकांना सोविएत सरकारने मुख्य भूमीवर हलवलं, काही नाउकानला आले, आणि १९५८ साली नाउकानच बंद केलं. माणसं लाव्रेंतिया, उएलेन वगैरे ठिकाणी विखुरली, पोरं रशियनमध्ये शिकली. कोशासाठी नाउकानचे शब्द गोळा झाले ते या विखुरलेल्यांकडून.

---

सोनचाफा

अल्यूटबद्दल फारच कमी आलंय. वेगळा धागा काढा प्लीज.

---

दक्षिणोत्तर

काढतो. त्यात प चा घोटाळा आहे: अल्यूटमध्ये मूळचा प उरलेलाच नाही, त्यामुळे भाऊबंद शोधताना ओठ बाजूला ठेवूनच शोधावं लागतं. शिवाय मेद्नी बेटावरची मिश्र भाषा होती, नामं अल्यूट आणि क्रियापदांचे प्रत्यय रशियन. तिच्यावरच अर्धा धागा जाईल.

---

टवाळ बोका

रात्रीचं वाचन पूर्ण. या खेपेला गंभीर प्रश्न. गेल्या डिसेंबरात तारकर्लीला आम्ही कयाक भाड्याने घेतली होती (बायको पुढे, वल्हं माझ्याकडे, दिशा कुणाकडेच नाही). हा शब्द यांचाच ना? की तोही बर्फाच्या शंभर शब्दांसारखा?

---

दक्षिणोत्तर

यांचाच, शंभर टक्के. इनुइट आणि युपिक दोन्हींत क़ायाक़्, दोन्ही टोकांना पडजिभेचा क़. युरोपीय भाषांनी ते दोन्ही साधे क करून घेतले आणि तसाच तो मालवणपर्यंत आला. अल्यूटमध्ये त्याचा भाऊ इक़्याख़्, म्हणून शब्द थेट अल्यूटसकटच्या मूळ भाषेपर्यंत नेतात. सहसा एकट्याने बसायची, वरून चामड्याने बंद केलेली होडी ती. बायकोला पुढे बसवायची सोय त्यात मूळची नाही, ते तुमच्या तारकर्लीवाल्याने वाढवलंय.